आयबीएस: रिपोर्ट सगळे नॉर्मल, पोट मात्र रोज बिघडलेलं (खाणं, औषधं, प्रवास, अनुभव लिहा)

रानजाई

आयबीएसवर (इरिटेबल बाउल सिंड्रोम, म्हणजे आतड्यात जखम-सूज काही नसताना पोट सतत दुखणं-बिघडणं) मराठीत नीट काही वाचायला मिळत नाही, एकतर "पोटावर रामबाण उपाय" असले व्हिडिओ नाहीतर परदेशी डाएट चार्ट, त्यात ब्लूबेरी न् किन्वा, आणि आपल्याकडे सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी, रात्री आमटी-भात, त्या चार्टचं करायचं काय? म्हणून धागा काढतेय. मला जुलाबाकडे झुकणारा प्रकार आहे, कॉलेजपासून. पोटात मुरडा येतो, संडासला जाऊन आलं की जरा बरं वाटतं, थोड्या वेळात परत कळ, संध्याकाळपर्यंत पोट टम्म. सोनोग्राफी, रक्त, कोलोनोस्कोपी सगळं नॉर्मल.

मला जे मुख्य सांगायचंय ते आधीच सांगते. पोट बिघडलं की आपल्याकडे ठरलेलं पथ्य असतं, तिखट बंद, तेलकट बंद, वरण-भात खा, सफरचंद खा, दूध पी. यातलं बरंचसं आयबीएसला उलट पडू शकतं. तिखटाने आणि तळकटाने त्रास होतो हे खरंय, पण खूप जणांना त्याहून जास्त त्रास कांदा, लसूण, गहू, तूर-हरभरा, दूध यांनी होतो, म्हणजे ज्याला आपण साधं घरचं जेवण म्हणतो त्यानेच! आणि ते टाळून चवीचं जेवायचं कसं हे आपल्या स्वयंपाकघराला पूर्वीपासून येतं. नैवेद्याचं ताट कांदा-लसणाशिवायच असतं की. आमच्या घरी चातुर्मास पाळतात, त्या महिन्यांत माझं पोट बरंच शांत असायचं, त्यामागचं कारण पुढे एका आहारतज्ज्ञ बाईंनी उलगडून सांगितलं. ते लिहितेच, आधी तुम्ही लिहा.

खिडकीपाशी

रानजाई ताई, धागा काढलात फार बरं केलंत. माझे मिस्टर दोन वर्षं सहन करतायत. डॉक्टर म्हणतात रिपोर्टमध्ये काही नाही, घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत, ऑफिसातले म्हणतात हा सुट्टीसाठी करतो. माणूस खरंच कळवळत असतो हो. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आजार नाही असं कसं?

माणदेशी_डॉक्टर

मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो, असे पेशंट रोज बघतो. आजार आहे, खरा आहे. फरक एवढाच की आतड्याला जखम, सूज, गाठ नसते, म्हणून दुर्बिणीत आणि सोनोग्राफीत काही दिसत नाही. बिघाड असतो तो आतड्याच्या हालचालीत, त्याच्या जाणिवेत, आणि आतडं-मेंदू यांच्यात सतत चालू असलेल्या देवाणघेवाणीत. गुदाशयात छोटा फुगा फुगवून केलेले अभ्यास आहेत, ज्या दाबाला इतरांना नुसतं भरल्यासारखं वाटतं त्याच दाबाला आयबीएसच्या अनेक पेशंटना चक्क दुखतं. मग हे मनाचे खेळ कसे? ताणाने वाढतं हे खरं, कारण आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं मोठं जाळं आहे आणि ते मेंदूशी जोडलेलं आहे. पण ताणाने दमासुद्धा वाढतो, म्हणून दम्याला कोणी नाटक म्हणत नाही.

निदानाचे निकषही ठरलेले आहेत, रोम ४ म्हणतात, २०१६ साली आले. गेले ३ महिने सरासरी आठवड्यातून किमान १ दिवस पोटदुखी, सुरुवात किमान ६ महिन्यांपूर्वीची, आणि दुखण्याचा संबंध पुढच्यापैकी दोन गोष्टींशी तरी: शौचाशी, किती वेळा होते याच्याशी, कशी होते (घट्ट-पातळ) याच्याशी. कोणाला बद्धकोष्ठ जास्त, कोणाला जुलाब, कोणाला आलटून पालटून दोन्ही.

आता हे सगळ्यांनी वाचाच. खालचं काहीही असेल तर आयबीएस समजून घरी बसू नका: शौचात रक्त, न ठरवता वजन उतरणं, रक्त कमी होणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा दुखणं, पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर, क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्याला सूज येण्याचे आजार). आपल्याकडे आतड्याचा टीबीसुद्धा लक्षात ठेवावा लागतो.

शब्दांकूर

डॉक्टर, मला दर वेळी "आव आहे" म्हणून तोच कोर्स देतात, तोंड कडू होणारी गोळी. शौच तपासणीत अमीबाच्या सिस्ट (कवचातले जंतू) दिसल्या की गोळी, चार दिवस बरं, परत तेच. हे असं किती वेळा घ्यायचं?

माणदेशी_डॉक्टर

शब्दांकूर, चांगला प्रश्न. मायक्रोस्कोपखाली अमीबाच्या सिस्ट दिसतात तेव्हा त्या त्रास देणाऱ्या जातीच्या की निरुपद्रवी जातीच्या हे नुसतं बघून ओळखता येत नाही, दोन्ही सारख्याच दिसतात. त्यामुळे सिस्ट दिसली म्हणजे तुमच्या मुरड्याचं कारण सापडलं असं नाही. खरा आमांश असेल तर रक्त, शेम, कुंथणं असा वेगळा थाट असतो. वर्षानुवर्षं तोच कोर्स परत परत चालला असेल तर तिथे थांबून नीट तपास करून घ्या: रक्तातलं सीबीसी, सीआरपी, थायरॉइड, सीलिएकसाठी (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतडं खराब होण्याचा आजार) टीटीजी, आणि शौचातलं कॅलप्रोटेक्टिन. कॅलप्रोटेक्टिन नॉर्मल असेल तर आतड्याला सूज असण्याची शक्यता खूप कमी होते, तरुण माणसाची कोलोनोस्कोपी त्यामुळे अनेकदा टळते.

आणि एक, काही जणांना आयबीएस लागतोच मुळी जोरदार जुलाब-उलटी होऊन गेल्यावर. कॅनडात ऑन्टारिओमधल्या वॉकर्टन गावात मे २००० मध्ये पिण्याचं पाणी दूषित झालं, २३०० च्या वर माणसं आजारी पडली, ७ दगावली. त्या गावाचा पुढे कित्येक वर्षं पाठपुरावा केला तर आजारी पडलेल्यांत आयबीएसचं प्रमाण न पडलेल्यांपेक्षा स्पष्ट जास्त निघालं. जंतू गेलेले असतात, पण आतडं हळवं होऊन बसतं. आपल्याकडे टँकरचं, विहिरीचं पाणी पिणाऱ्या गावांत हे किती होत असेल याचा विचार करून मला अस्वस्थ व्हायला होतं.

तळ्याकाठी

माझ्या मैत्रिणीने गहू सोडला आणि तिला एकदम फरक पडला. मी पण ग्लूटेन बंद करू का? दुकानातलं ग्लूटेन फ्री पीठ फार महाग आहे.

माणदेशी_डॉक्टर

थांबा, आधी टीटीजी करा, गहू खात असतानाच करा. गहू सोडून काही महिने झाले की ती टेस्ट खोटी नॉर्मल येऊ शकते आणि सीलिएक असला तर हातातून निसटतो.

मेलबर्नकर

तळ्याकाठी, आयबीएसमध्ये गव्हाने त्रास होतो तो बहुतेकांना ग्लूटेनचा नसतो, गव्हातल्या फ्रुक्टॅन नावाच्या साखरेचा असतो. तेच फ्रुक्टॅन कांद्यात आणि लसणात ठासून भरलेलं. मी मेलबर्नला राहतो, लो फॉडमॅप आहाराचं मूळ काम इथल्याच मोनॅश युनिव्हर्सिटीचं, माझ्या डाएटिशियनने त्यांच्याच पद्धतीने करून घेतलं. फॉडमॅप म्हणजे काही प्रकारच्या साखरा, ज्या लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, सोबत पाणी ओढून घेतात, आणि पुढे मोठ्या आतड्यात जिवाणू त्या आंबवतात, गॅस होतो. गॅस सगळ्यांनाच होतो, आपलं आतडं हळवं म्हणून आपल्याला तो सोसत नाही.

यात लोक एक गोष्ट अर्धवट करतात त्याबद्दल मला कळकळीने लिहायचंय. हा आहार तीन टप्प्यांचा आहे. पहिल्यात २ ते ६ आठवडे सगळे फॉडमॅप कमी करायचे. दुसऱ्यात एकेक गट परत आणायचा, म्हणजे तीन दिवस दूध वाढवत नेऊन बघायचं, मग मध्ये थोडा आराम, मग गहू, मग लसूण, असं. तिसऱ्यात जे सोसतं ते सगळं खायचं. लोक पहिल्या टप्प्यात बरं वाटलं की तिथेच राहतात, वर्षानुवर्षं अर्धं अन्न टाळतात, वजन उतरतं, बाहेर जेवायची भीती बसते. शिवाय ज्या साखरा आपण टाळतो त्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाणं आहे, कायमचं तोडून चालत नाही. दुसरा टप्पा हाच खरा आहार आहे, पहिला फक्त त्याची तयारी.

रानजाई

मेलबर्नकर, अगदी. चातुर्मासात माझं पोट शांत असायचं त्याचं कारण हेच, कांदा-लसूण बंद म्हणजे फ्रुक्टॅन कमी. आता स्वयंपाकाचं लिहिते, राहिलंय कधीचं.

धान्यात तांदूळ आणि ज्वारी बिनधास्त. पोळीऐवजी भाकरी केली की निम्मं काम होतं. फोडणी हिंगाची, मोहरी, जिरं, हळद, कढीपत्ता, आलं सगळं चालतं. (दुकानातल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो, ज्यांना सीलिएक निघालाय त्यांनी तो अजिबात नको.) मसाल्यात आमच्याकडे गोडा मसाला घरी करतो, त्यात कांदा-लसूण नसतो, तीळ, खोबरं, धणे, दगडफूल, त्यामुळे आमटी-भाजीला चव येते. बाजारचा घेतलात तर पाकीट उलटून बघा. डाळीत तुरीऐवजी मूगडाळ, भिजवून, पाणी टाकून, शिजवून, आणि वाटी लहान. भाज्यांत गाजर, पालक, काकडी, बटाटा, फरसबी मला छान सोसतात, फ्लॉवर आणि मशरूम नाही. फळांत पपई, संत्रं. सफरचंद, आंबा, कलिंगड यांनी मात्र फुगतं. आजारी माणसाला भेटायला जाताना आपण सफरचंदच नेतो, आणि आयबीएसवाल्याला नेमकं तेच नको असतं. केळं जरा करकरीत चालतं, फार पिकलेलं नाही. काजू नाही, शेंगदाणे चालतात. दूध नाही, ताक थोडं चालतं, विरजणात दुधातली साखर कमी झालेली असते, पण संपलेली नसते, म्हणून तांब्याभर नाही.

कृष्णाकाठ

ताई हे सगळं खरं आसंल पण आम्ही कोल्हापूरकडची माणसं, कांदा-लसूण चटणी नसंल तर घास खाली उतरत न्हाई. तांबडा-पांढरा सोडू का आता? माझं वय ३४, शेतात राबायचं, नुसत्या हिंगाच्या फोडणीवर अंगात ताकद राहंल का?

रानजाई

दादा, ताकदीची काळजी करू नका, भाकरी, भात, अंडी, मासे, चिकन, मटण यात फॉडमॅप नसल्यातच जमा. रश्श्याचं वाटण हीच अडचण. दोन युक्त्या सांगते. एक, लसणाच्या पाकळ्या अख्ख्या तेलात तांबूस होईपर्यंत तळा आणि काढून टाका, मग त्या तेलात पुढची फोडणी. लसणातलं फ्रुक्टॅन पाण्यात विरघळतं, तेलात नाही, म्हणून वास-चव तेलात उतरते आणि त्रास देणारं पाकळीबरोबर बाहेर जातं. पण रश्श्यात अख्खा कांदा सोडून नंतर काढला तर उपयोग नाही, तिथे पाणी आहे, सगळं उतरतं. आणि हे तेल रोज ताजं करा, बाटलीत भरून बाहेर ठेवायचं नाही, लसणाच्या तेलात विषारी जंतू वाढू शकतात. दुसरी युक्ती, पातीचा कांदा आणून नुसती हिरवी पात वापरा, खालचा पांढरा भाग घरच्यांच्या भाजीत. चटणीसाठी सुकं खोबरं, तीळ, लाल मिरची, जिरं आणि हे लसणाचं तेल. तिखटाचं प्रमाण मात्र तुमचं तुम्हाला बघावं लागेल, मिरचीने काही जणांना खरंच कळ येते.

कृष्णाकाठ

पातीचं म्हाईत नव्हतं. करून बघतो आन् लिहितो.

फलाट_क्रमांक_दोन

मी रोज कर्जतहून सीएसएमटीला जाते. लोकलमध्ये टॉयलेट नसतं हे सांगायला नको, आणि मला सकाळीच त्रास जास्त. पुरुष निदान कुठेतरी उतरून काही करू शकतात, बाईने काय करायचं? राइट टू पी ही सार्वजनिक मुताऱ्यांसाठीची मोहीम मुंबईत २०११ साली बायकांनी सुरू केली ती याच रागातून, पण आमचा प्रश्न तर त्याहून पुढचा आहे, नुसती जागा असून भागत नाही, पाणी हवं, कडी हवी, रांग लहान हवी. घरून निघायच्या आधी पोटात गोळा येतो आणि त्या गोळ्यानेच खरा मुरडा सुरू होतो. कोणी काही मार्ग काढलाय का?

खिडकीपाशी

फलाट, मिस्टरांचं अगदी हेच. ते आता तासभर आधी उठतात, उठल्या उठल्या चहा आणि थोडं खाणं घरीच उरकतात, म्हणजे जे व्हायचं ते घरीच होतं. आधी ते रिकाम्या पोटी निघायचे आणि स्टेशनवर चहा-वडापाव, आणि अर्ध्या वाटेत कळ.

माणदेशी_डॉक्टर

यामागे शास्त्र आहे. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलायला लागतं, ही सगळ्यांच्याच शरीरातली प्रतिक्षिप्त क्रिया, सकाळी ती जोरात असते आणि आयबीएसमध्ये जास्तच. म्हणून खाणं निघायच्या वेळेपासून लांब, पुढे ओढून घ्यायचं. चहा-कॉफी मोजकी. महत्त्वाच्या दिवशी निघण्यापूर्वी लोपरामाइडची (जुलाब थांबवणारी) गोळी घेता येते, पण आपल्या डॉक्टरांना विचारून, आणि ताप किंवा शौचात रक्त असेल तेव्हा मुळीच नाही.

रानजाई

फलाट, मी पूर्वी तुमच्याच लाइनला होते. फास्ट सोडून ठाण्यानंतर स्लो धरायचे, वेळ जास्त जायचा पण दर तीन-चार मिनिटांनी स्टेशन आहे या विचारानेच पोट गप्प राहायचं. पर्समध्ये टिश्यू, पाण्याची बाटली, एक जादा कपड्यांचा जोड. ऑफिसात एका मैत्रिणीला खरं सांगून ठेवलं होतं, म्हणजे मीटिंगमधून उठले तर ती सांभाळून घ्यायची. सांगून टाकल्याने फार हलकं वाटतं, लपवण्यात जी ताकद जाते ती वाचते.

निवडुंग

आईसाठी विचारतोय. वय ६१. चार महिन्यांपासून पोट साफ होत नाही, मध्येच पातळ, गॅस, भूक गेलीय, साड्यांचे ब्लाउज सैल झालेत. हिमोग्लोबिन ८.९ आलं, त्यावर गोळ्या चालू आहेत. शेजारचे काका म्हणाले आयबीएस असेल, कांदा-लसूण बंद करून बघा. किती दिवस बंद करायचं?

माणदेशी_डॉक्टर

निवडुंग, कांदा-लसूण राहू द्या. वय, नवीन त्रास, वजन उतरणं आणि रक्त कमी, चारही गोष्टी एकत्र आहेत. या आठवड्यातच पोटविकारतज्ज्ञांना दाखवा, कोलोनोस्कोपी लागेल. रक्त कुठून कमी होतंय ते शोधल्याशिवाय नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर थांबू नका. घाबरवत नाही, पण वाट पाहू नका.

निवडुंग

उद्याची वेळ घेतली. आई तयार नव्हती, तुमचं उत्तर तिला वाचून दाखवलं.

शब्दांकूर

माझा प्रकार बद्धकोष्ठाचा. फायबर खा म्हणतात म्हणून गव्हाचा कोंडा घालून पोळ्या खातेय तर उलट जास्त फुगतंय.

माणदेशी_डॉक्टर

कोंडा बंद करा. हॉलंडमध्ये २७५ पेशंटवर अभ्यास झाला, २००९ साली आला, एका गटाला इसबगोल, एकाला कोंडा, एकाला नुसतं तांदळाचं पीठ. इसबगोलवाल्यांना फायदा झाला, कोंड्याचा ठोस फायदा दिसला नाही आणि त्रास वाढला म्हणून बऱ्याच जणांनी तो सोडला. इसबगोल अर्ध्या-एक चमच्याने सुरू करा, हळूहळू वाढवा, भरपूर पाण्यासोबत, पाणी कमी पडलं तर घट्ट होऊन अडकतो. गंमत म्हणजे जुलाबाच्या प्रकारातही तो चालतो, पाणी धरून ठेवतो. दोन-चार आठवडे द्या त्याला. एवढ्याने भागलं नाही तर पोट साफ करणारी पीईजीची पावडर वगैरे आहेत. आणि कुंथूनही पूर्ण होत नाही, अडकल्यासारखं वाटतं असं असेल तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कधी कधी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू उलटे आवळले जातात, त्याला औषध नाही तर व्यायामाचं ट्रेनिंग लागतं.

तळ्याकाठी

मला मेबेव्हेरिन (मुरड्याची गोळी) चालू होतं, दुखणं थोडं कमी झालं. आता नवीन डॉक्टरांनी रात्रीची एक बारीक गोळी दिलीय, नेटवर बघितलं तर डिप्रेशनची निघाली! मी त्यांना वेडी वाटले का? घेतलीच नाही अजून.

माणदेशी_डॉक्टर

अमिट्रिप्टिलिन असेल, १० मिलिग्रॅम. डिप्रेशनला ती याच्या कित्येक पट डोसमध्ये वापरत असत. एवढ्या लहान डोसमध्ये ती आतड्यातून मेंदूकडे जाणारे दुखण्याचे संदेश मंद करते आणि आतड्याची घाई कमी करते. इंग्लंडमध्ये साध्या जीपींकडच्या ४६३ पेशंटवर ६ महिने अभ्यास झाला, २०२३ साली लॅन्सेटमध्ये आला, नेहमीच्या उपायांनी भागलं नव्हतं असेच पेशंट, डोस १० ते ३० मिलिग्रॅम, आणि नकली गोळीपेक्षा स्पष्ट चांगला फरक. तोंड कोरडं पडतं, सकाळी जड वाटतं, बद्धकोष्ठ वाढू शकतं, हृदयाचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर आधी सांगा. पण लेबल वाचून टाकून देऊ नका. खरं तर गोळी लिहून देतानाच हे समजावून सांगायला पाच मिनिटं काढायला हवीत, आम्ही डॉक्टर लोक ती काढत नाही.

मेलबर्नकर

मनाच्या बाजूनेही उपचार आहेत, सीबीटी (विचार-सवयी बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत) आहे, आणि आतड्यासाठीची खास संमोहन पद्धत, ती १९८४ साली मँचेस्टरच्या डॉक्टरांनी तपासून दाखवली. मी केली, सहा-सात बैठकांत कळा कमी झाल्या. मनाच्या उपायाने फरक पडला म्हणजे दुखणं मनातलं होतं असा अर्थ कोणी काढू नये एवढीच विनंती.

खिडकीपाशी

रानजाई ताई, होळी आली. मिस्टरांना पुरणपोळी म्हणजे जीव की प्राण. नैवेद्याचं चालतं म्हणालात ना?

रानजाई

नैवेद्याचं सगळंच नाही हो, पुरणपोळीत हरभऱ्याची डाळ आणि गहू दोन्ही आले, वर दुधाची वाटी. पण एक गंमत बघा, हरभऱ्यातली त्रास देणारी साखर पाण्यात विरघळते, म्हणजे डाळ भरपूर पाण्यात शिजवून निथळली की तिचा बराच भाग कटात उतरतो. त्यामुळे कटाची आमटी पोटाला पुरणापेक्षा जड जाऊ शकते, मला जातेच. मी डाळ रात्री भिजवून ते पाणी टाकते, सढळ पाण्यात शिजवते, कट पूर्ण निथळून घरच्यांच्या आमटीला देते, आणि एक लहान पोळी तुपाबरोबर खाते, दुधाबरोबर नाही. त्या दिवशी बाकी गहू, डाळ, कांदा काही नाही, नुसता भात आणि बटाट्याची भाजी, कारण सगळं मिळून किती झालं यावर असतं. मिस्टरांचा पहिला टप्पा चालू असेल तर यंदा थांबा, नसेल तर अर्ध्या पोळीपासून बघा, सकाळी नाही, दुपारी, घरी असताना. आणि काय झालं ते वहीत लिहून ठेवा, पुढच्या सणाला उपयोगी पडतं.